साठीनंतरचं लग्न आणि घरातला नकार

विधवाविवाहाच्या बाजूनं बोलण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १८५६ साली कायदा झाला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा मुरूडकरांनी बहिष्कार घातला आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांना लागली. हे आपण शाळेपासून वाचतो आणि आपली सहानुभूती कोणाकडे असावी याबद्दल मनात शंका राहत नाही. पण त्या साऱ्या चळवळीचा मुख्य युक्तिवाद होता तो असा की पोरीचं अख्खं आयुष्य पुढं पडलंय. बासष्ट वर्षांची आजी किंवा अडुसष्ट वर्षांचे आजोबा ‘मला लग्न करायचंय’ म्हणाले की हा युक्तिवाद हाताशी राहत नाही. त्यामुळे बाजूनं बोलणारा अडखळतो आणि विरोध करणाऱ्याला वाक्यं आपोआप सुचतात. ‘या वयात?’ ‘नात लग्नाला आली.’ ‘आमचं कुठं काही चुकलं का?’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जिव्हारी लागतं, कारण ते बहुतेक वेळा खरेपणानं विचारलेलं असतं. मुलानं फ्लॅटची ईएमआय भरली, सुनेनं पथ्याचं वेगळं रांधलं, मुलगी रोज रात्री व्हिडिओ कॉल करते. मग कमी काय आहे? कमी आहे ते समवयस्क माणूस. मुलांना आईवडिलांची काळजी असते. पण ज्याच्याशी पेपरातली बातमी वाचून वाद घालता येतो, ज्याच्यासमोर दात काढून ठेवता येतात, ज्याला ‘आज काही बरं वाटत नाहीये’ सांगितल्यावर लगेच डॉक्टरची अपॉइंटमेंट न घेता तो नुसता शेजारी बसतो, असं माणूस मुलांनी होऊन चालत नाही. ते त्यांचं कामही नाही. हे आईनं किंवा वडिलांनी एकदा मोकळेपणानं बोलून दाखवलं तर ‘आम्ही कमी पडलो’ ही भावना निम्मी तरी उतरते.

विरोधात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: दुःख, भीती आणि लाज. लाजेबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक दोन महिन्यांत दुसऱ्या विषयाकडे वळतात. भीती आणि दुःख मात्र वेगळे ओळखावे लागतात, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. भीतीला कागद लागतो. दुःखाला वेळ लागतो. ज्या घरात आईला जाऊन आठ महिने झालेत तिथं मृत्युपत्राचा मसुदा पुढं केला तर ते क्रूर वाटतं, आणि ज्या घरात प्रश्न फ्लॅटचा आहे तिथं ‘आईला काय वाटलं असतं’ यावर तासन्‌तास बोलून काही निष्पन्न होत नाही.

भीतीपासून सुरुवात करतो, कारण मला वाटतं मुलांची ही भीती अनेकदा रास्त असते आणि ज्येष्ठ मंडळी ती ‘पैशाला हपापलेली मुलं’ म्हणून झटकून टाकतात.

समजा एका बाईंना पहिल्या यजमानांकडून वारशानं फ्लॅट मिळालाय आणि त्यांना एक मुलगा आहे. त्या पुन्हा लग्न करतात आणि मृत्युपत्र न करता जातात. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे (हा कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे) त्यांची मिळकत मुलगा आणि हयात नवरा यांच्यात समान वाटली जाते. म्हणजे मुलाच्या वडिलांनी कष्टानं घेतलेल्या घराचा अर्धा हिस्सा दुसऱ्या यजमानांकडे जातो आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलांकडे. त्याच कलमात नवऱ्याकडून मिळालेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे परत जाण्याची तरतूद आहे, पण ती बाईंना मूल नसेल तरच लागू होते. म्हणजे मुलाची शंका कायद्याच्या नेमक्या कलमावर उभी आहे. उपाय मात्र साधा आहे. बाईंनी मृत्युपत्र करून तो फ्लॅट मुलाच्या नावे लिहून ठेवला की हा प्रश्न तिथंच संपतो.

पुरुषाच्या बाबतीत कलम ८ आणि १० लागतात. मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, प्रत्येकाला एकेक समान वाटा. दोन मुलं आणि दुसरी बायको असेल तर प्रत्येकाला एक तृतीयांश. सावत्र मुलांना मात्र सावत्र वडिलांच्या मिळकतीत मुलगा म्हणून वाटा नाही. त्यामुळे ‘तिची पोरं आमच्या घरात हक्क सांगतील’ ही भीती थेट खरी नाही. पण तिच्या वाट्यावाटे, तिच्या पश्चात, तसं घडू शकतं.

इथं एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात राहून जाते. फ्लॅट दोघांच्या नावावर अर्धा-अर्धा होता आणि आई मृत्युपत्र न करता गेली. वडील समजतात फ्लॅट आता माझा. तसं नसतं. आईचा अर्धा हिस्सा वडील आणि दोन मुलं अशा तिघांत वाटला गेला, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. वडिलांकडे आता दोन तृतीयांश आहे आणि दोन्ही मुलं आजच त्या घराची सहमालक आहेत, सोसायटीच्या दप्तरात काहीही लिहिलेलं असो. दुसऱ्या लग्नाचा विषय काढण्याआधी हा हिशेब वडिलांनी स्वतः होऊन मांडला तर त्याचा परिणाम फार मोठा होतो. मुलांना जे हवं असतं ते बऱ्याचदा एवढंच की आईचा वाटा कुणाच्या तरी लक्षात आहे.

नॉमिनीबद्दलही गैरसमज पक्का बसलेला आहे. सोसायटीत किंवा बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं. हक्क कोणाचा हे मृत्युपत्र किंवा वारस ठरवतात. बँकेतल्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी टक्केवारीसकट लावता येतात. दुसऱ्या लग्नाच्या घरांत ही सोय फार कामाची आहे. बायको आणि मुलं यांची नावं एकाच फॉर्मवर येतात आणि कोणाला वगळल्यासारखं होत नाही. तरीही नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांत एकच गोष्ट लिहिलेली असावी. दोन्हींत तफावत राहिली की तिथूनच भांडण सुरू होतं.

आता मृत्युपत्राबद्दल. दोघांनी आपापलं स्वतंत्र करावं, एकत्र नको. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. करणाऱ्याची सही आणि त्याच्या देखत किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयानं लहान असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांपैकी नसावेत. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण दुसरं लग्न झालेल्या माणसानं ती करावीच, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा की माणूस शुद्धीवर, समजून-उमजून सही करतो आहे. नंतर जे आक्षेप येतात ते ‘बाबांना तेव्हा काही कळत नव्हतं’ याच धर्तीचे असतात. हिंदूंच्या बाबतीत लग्न केल्यानं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, हेही ध्यानात ठेवावं. पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींच्या बाबतीत ते होतं. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी ‘सर्व काही पत्नीला, तिच्या पश्चात मुलांना’ असं लिहिलेलं मृत्युपत्र दुसऱ्या लग्नानंतरही जिवंत असतं, आणि त्यातली पत्नी म्हणजे पहिली. नव्या बायकोचं त्यात नाव नसतं. नवं करताना जुनं रद्द केल्याचं वाक्य तारखेसकट लिहावं.

बहुतेकांना जे हवं असतं ते असं: घर शेवटी मुलांना जावं, पण मी आधी गेलो तर हिला बाहेर पडावं लागू नये. हे लिहिता येतं. मात्र ‘हयातभर राहण्याचा हक्क’ हे शब्द घरच्या घरी लिहू नयेत. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ वरून या मर्यादित हक्कांचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेत. १९७७ च्या तुलसम्मा निकालात पोटगीच्या बदल्यात विधवेला मिळालेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलला. म्हणून हे एक कलम तरी दिवाणी वकिलाकडून लिहून घ्यावं. त्यात घराचा मेन्टेनन्स आणि मालमत्ता कर कोणी भरायचा, घर पुनर्विकासाला गेलं तर भाडं कोणाला आणि नव्या घरात तिच्या राहण्याचं काय, याचाही उल्लेख हवा. पुनर्विकासाचा मुद्दा विसरला जातो आणि शहरात नेमका तोच पहिल्यांदा उद्भवतो.

मुलं कधी कधी अट घालतात, ‘आधी घर आमच्या नावावर करा, मग काय ते लग्न करा.’ इथं मी ठामपणे सांगेन की करू नका. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येतं. नोंदवलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागं घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ मध्ये ते रद्द करून मागण्याची सोय आहे, पण त्यासाठी ‘माझा सांभाळ करशील’ ही अट असावी लागते आणि ती दस्तात स्पष्ट लिहिलेली असणं सगळ्यात सुरक्षित. शिवाय मग उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणासमोर स्वतःच्या मुलाविरुद्ध उभं राहावं लागतं. सत्तरीत ती वेळ कुणावर येऊ नये. मुलांना खात्री हवी असेल तर नोंदवलेल्या मृत्युपत्राची प्रत त्यांच्या हातात द्यावी. तेवढं पुरेसं आहे.

या सगळ्या बोलण्यात बाईंच्या मिळकतीचा विचार शेवटी येतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. नव्या घरात त्या ‘कुणाच्या तरी फ्लॅटवर डोळा असलेली’ ठरतात, पण लग्नानं सगळ्यात जास्त गमावण्याची शक्यता त्यांचीच असते. एक भीती जुन्या काळची आहे. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याची मिळकत जाते. १८५६ च्या कायद्यात तसं खरंच होतं. आज तसं नाही. वारशानं एकदा मिळालेली मिळकत पुनर्विवाहानं जात नाही. पण कुटुंब निवृत्तिवेतनाचं तसं नाही. केंद्र सरकार आणि ईपीएस १९९५ (खासगी नोकरदारांची भविष्य निर्वाह निधीतली पेन्शन योजना), दोन्हीकडे विधवेचं निवृत्तिवेतन तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, यांतलं जे आधी होईल तोपर्यंतच मिळतं. केंद्राच्या नियमांत निपुत्रिक विधवेला, तिचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर, यातून सूट आहे. इतरांना नाही. केंद्रात ही रक्कम शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असते आणि सातव्या वेतन आयोगात किमान दरमहा ९,००० रुपये. ज्या बाईंचं तेवढंच स्वतःचं उत्पन्न आहे त्यांच्यासाठी सही करण्याआधी हा आकडा वहीत लिहिणं गरजेचं आहे.

काही जोडपी देवळात हार घालतात आणि निवृत्तिवेतन चालू ठेवतात. हयातीच्या दाखल्याबरोबर पुनर्विवाह न केल्याचं प्रतिज्ञापन द्यावं लागतं, तेही देतात. हे कळकळीनं सांगतो, करू नका. दिलेली रक्कम मागच्या तारखेपासून वसूल होते, आणि कळवणारा माणूस बाहेरचा नसतो. नाराज नातेवाईकच अर्ज करतो.

दुसऱ्या बाजूला, यजमान स्वतः केंद्र सरकारचे निवृत्त असतील तर निवृत्तीनंतर लग्न केलेल्या पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये भगवंती खटल्यात हे मान्य केलं. मात्र ते आपोआप होत नाही. विवाह प्रमाणपत्र, दोघांचा एकत्र फोटो आणि पहिल्या पत्नीचा मृत्यू दाखला जोडून आपल्या शेवटच्या कार्यालयाला कळवावं लागतं आणि पीपीओत (निवृत्तिवेतनाच्या आदेशपत्रात) नाव चढवून घ्यावं लागतं. हे काम यजमान हयात असतानाच व्हावं. ते गेल्यावर तेच काम त्यांच्या मुलांच्या सहकार्यावर अवलंबून राहतं. ते खासगी नोकरीतले असतील आणि मागे काही राहणार नसेल, तर बाईंचं बंद होणारं उत्पन्न कशानं भरून निघेल हे लग्नाआधी ठरवावं. त्यांच्या नावे ठेव हा एक मार्ग. साठ पूर्ण झालेल्यांसाठीच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत गुंतवता येतात, आणि संयुक्त खातं फक्त नवरा-बायकोचंच उघडता येतं.

याच कारणानं अनेक जण लग्न न करता एकत्र राहणं पसंत करतात. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, पण निवृत्तिवेतन आणि वारसा या दोन गाठी पाहिल्या की त्यामागचा विचार समजतो. एकत्र राहणं गुन्हा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ‘विवाहसदृश संबंध’ असलेल्या स्त्रीला संरक्षण आहे, आणि दोघंही लग्नाला पात्र असावेत, जगासमोर जोडपं म्हणून दीर्घकाळ राहत असावेत, असे निकष सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये घालून दिले. एवढं संरक्षण असलं तरी वारसा मिळत नाही. सोबत्याच्या नावे जे ठेवायचं ते मृत्युपत्रानंच. हयातीत मोठी रक्कम दिली तर आयकराच्या दृष्टीनं सोबती ‘नातेवाईक’ नसतो आणि वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळालं तर पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. नवरा-बायकोंत हा प्रश्न येत नाही. सहजीवनाचा करारनामा नोटरीकडे करून ठेवायला हरकत नाही. घर कोणाचं, महिन्याचा खर्च कसा, कोणी आजारी पडलं तर काय, पटलं नाही तर किती दिवसांत वेगळं व्हायचं, हे त्यात असावं. पण तो करार मृत्युपत्राची जागा घेत नाही.

एकत्र राहणाऱ्यांची खरी कसोटी हॉस्पिटलच्या काउंटरवर लागते. ॲडमिशनच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना असतो. तिथं काय लिहायचं? ‘मैत्रीण’ लिहिलं की ऑपरेशनच्या संमतीसाठी मुलाला फोन जातो, आणि दोन वर्षं न बोललेला मुलगा येऊन सगळी सूत्रं हातात घेतो. रात्रभर बाकावर बसलेली बाई बाहेरच राहते. मुलगा वाईट नसतो, हॉस्पिटलही त्यांच्या रीतीनं वागत असतं. यावर आधी करून ठेवण्याजोगा कागद आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशांना मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. स्वतः निर्णय घेता येईनासा झाला, तर जीव लांबवणारे उपचार सुरू करायचे की थांबवायचे याबद्दल कोणाचं ऐकावं, हे त्यात नावानिशी लिहिता येतं. सोबत्याचं नाव आणि एका मुलाचं नाव, दोन्ही लिहावीत. मुलालाही तेव्हा वगळल्यासारखं वाटत नाही आणि डॉक्टरांनाही सोपं जातं. मुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नये. ज्यानं ते दिलं त्याची समज गेली की साधारणपणे ते निष्प्रभ होतं, म्हणजे स्मृतिभ्रंशात ज्या वेळी त्याची गरज पडते त्याच वेळी ते चालत नाही.

कागदाचं इथवर. दुःखाचं काय?

आई गेल्यावर तिचं कपाट बरेच दिवस तसंच असतं. साड्यांच्या घड्यांत डांबराच्या गोळ्या, खालच्या कप्प्यात दवाखान्याच्या फायली, आतल्या खणात पाटल्या, तोडे आणि कदाचित मंगळसूत्र. नवी बाई घरात येणार म्हटलं की मुलीच्या डोळ्यांसमोर आधी ते कपाट येतं. कोण उघडेल, कोण नेसेल. म्हणून लग्नाचा दिवस ठरण्याआधी ते कपाट मुलांच्या हातानं आवरलं जावं. नव्या जोडीदाराचा त्यात कुठंही हात नसावा. दागिन्यांची यादी करावी, सोनाराकडून वजन लिहून घ्यावं आणि ज्याचं त्याला देऊन टाकावं. आईचं स्त्रीधन तसंही वारशानं मुलांच्या आणि वडिलांच्या वाट्याचं आहे. वडिलांनी आपला वाटा सोडला तर ती त्यांच्याकडून शेवटची भेट ठरते. भिंतीवरचा फोटो भिंतीवरच राहावा. जी नवी बाई फोटोला पहिल्या दिवशी हार घालते तिचं कौतुक होतं खरं, पण ते तिच्यावर लादू नये. तिचाही कुणाचा तरी फोटो मागं राहिलेला असतो.

शक्य असेल तर त्या घरात संसार थाटूच नये. दोघांपैकी कोणाच्याच जुन्या घरात न राहता तिसरं घर भाड्यानं घ्यावं, लहान चालेल, लिफ्ट असलेलं. ११ महिन्यांचा भाडेकरार नोंदवला की पहिलं वर्ष निर्धास्त जातं. जुन्या घरात सासू म्हणून आयती आलेली बाई आणि तिथं आधीपासून स्वयंपाकघर सांभाळणारी सून यांच्यात कुरबुर होते ती स्वभावामुळे कमी, ओट्याच्या मालकीमुळे जास्त. वेगळं घर परवडत नसेल तर निदान स्वतंत्र खोली, स्वतंत्र कपाट आणि सकाळचा चहा कोण करणार याचं ठरलेलं उत्तर असावं.

नवीन नात्याला काय म्हणायचं यावरूनही रुसवे होतात. चाळीस वर्षांच्या माणसाला ‘आई म्हण’ असं कुणी सांगू नये. काकू, मावशी, ताई, यांतलं जे त्याच्या तोंडी बसेल ते बसू द्यावं. नातवंडं दोन भेटींत स्वतःच काहीतरी नाव ठेवतात आणि ते टिकतं.

मुलांना सांगायची रीत महत्त्वाची आहे. सगळ्यांना एकत्र बसवून घोषणा करू नये. प्रत्येकाशी वेगळं बोलावं, आणि जावई किंवा सून समोर नसताना, कारण त्यांच्यासमोर मुलगा किंवा मुलगी रडू शकत नाही. परदेशातल्या मुलाला शेवटी कळलं असं होऊ नये. परवानगी मागण्याच्या सुरात विचारलं तर नकाराला वाव राहतो, आणि मग तो मोडून लग्न केल्याचा राग वेगळा. ‘मी ठरवलंय, आणि तुझ्या मनात जे येईल ते मला ऐकायचंय’ हे प्रामाणिक आहे. पहिल्या भेटीत मिळकतीचा विषय आपण काढू नये, पण मुलानं काढला तर टाळूही नये. टाळलं की संशय पक्का होतो. आजी नातवंडांना सांभाळत असेल तर तिच्या जाण्यानं त्या घराची घडीच मोडते. विरोधाचं हे कारण कुणी बोलून दाखवत नाही. पाळणाघर लागेपर्यंत चार-सहा महिने आठवड्यातले काही दिवस येईन, एवढं ठरवून सांगितलं तरी बराच ताण निवळतो.

दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला कुटुंबाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट म्हटलंय. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं तर दोघांपैकी एक जण जिथं निदान ३० दिवस राहिलेला आहे त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात लावली जाते आणि ३० दिवस हरकतीसाठी असतात. कुणा ओळखीच्याच्या नजरेला ती पडून मुलांना बाहेरून कळलं तर सगळं विस्कटतं, म्हणून नोटीस जाण्याआधी घरात सांगून झालेलं असावं. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होऊच शकत नाही. हयात जोडीदार, वय, निषिद्ध नातं आणि मानसिक अक्षमता, एवढीच कारणं चालतात. यातलं शेवटचं ज्येष्ठांच्या बाबतीत वापरलं जाण्याचा धोका असतो, म्हणून विसरभोळेपणाच्या तक्रारी असतील तर डॉक्टरांचा दाखला आधीच घेऊन ठेवावा. हरकत अवाजवी आणि खोडसाळ निघाली तर अधिकारी हरकतदारावर खर्च बसवू शकतात.

कागदांत जिथं अडतं ते नाव. आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलायची पद्धत, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि नवऱ्याच्या मृत्यू दाखल्यावर ‘पत्नीचं नाव’ तिसरंच. तिन्ही एकाच बाईची आहेत हे सांगणारं प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवावं. घटस्फोटित असाल तर निकालाची प्रमाणित प्रत, आणि अपिलाची मुदत, हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस, उलटल्याची खात्री. वर्षानुवर्षं वेगळं राहणं म्हणजे घटस्फोट नव्हे. तो झालेला नसेल तर दुसरं लग्न गुन्हा ठरतं. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर विशेष विवाह कायद्याखाली लग्न करूनही वारसा हिंदू कायद्यानंच चालतो. धर्म वेगळे असतील तर भारतीय वारसा कायदा, १९२५ लागतो आणि वर सांगितलेले वाटे बदलतात. धार्मिक विधीनं लग्न केलं तर महाराष्ट्रात ९० दिवसांत नोंदणी करावी. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कुठंही नाही, आणि या वयात बदलूच नये. बँक, निवृत्तिवेतन, मिळकतीचे उतारे सगळीकडे दुरुस्त्या करत बसावं लागतं.

सहीच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. मुलांना एकदा विचारावं. नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नये, पण त्यांच्या जागी नातेवाईकांतलंच कुणी आणलं की त्या माणसावर पुढं वर्षभर रोष राहतो. त्यापेक्षा मित्र किंवा शेजारी बरे. ओळखपत्राची मूळ प्रत असलेला एक माणूस जास्तीचा बरोबर असू द्यावा. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती संपते आणि नवी द्यावी लागते. एखादी मुलगी म्हणते, ‘माझं बाळंतपण होऊ दे, मग करा, मला यायचंय.’ तेव्हा मुदत टळेल म्हणून घाई करू नये. नवी नोटीस म्हणजे तोच फॉर्म, थोडंसं शुल्क आणि आणखी ३० दिवस.